उपवनचा बाक, मागचा येऊर आणि आपली उभं राहायची जागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्यात उपवन तलावाच्या काठी सकाळी एका मोठ्या झाडाखालच्या बाकावर आजी-आजोबा बसलेले दिसले. समोर पाणी, त्यापलीकडे येऊरचा डोंगर. तुम्ही थांबलात, १८-५५ च्या किट लेन्सने (कॅमेऱ्याबरोबर येते ती साधी झूम; १८ वर दृश्य रुंद, ५५ वर जवळ) फोटो काढला. बाक तृतीयांशाच्या छेदबिंदूवर, म्हणजे चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग करणाऱ्या रेघा छेदतात तिथे ठेवला, पायवाट कोपऱ्यातून आत येईल असं पाहिलं. घरी येऊन बघितलं तर फोटोत ‘काहीच नाही’ असं वाटलं. सगळं पाळूनही असं का होतं आणि नवीन लेन्स घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

लेन्सचं शेवटी बोलू. फोटोचं म्हणाल तर त्यात काहीच नाही असं अजिबात नाही, उलट फार आहे. बाक आहे, आजी-आजोबा आहेत, दिव्याचा खांब आहे, ओपन जिमचं पिवळं-निळं लोखंड आहे, कचऱ्याचा डबा आहे, दोन चालणारे लोक एकमेकांवर आलेत, वर पांढरं आभाळ आहे. आणि ज्या डोंगरामुळे तुम्ही थांबलात असं मला वाटतं, तो मागे बारीक पट्टीसारखा पडून राहिलाय. सगळ्या वस्तू हजर आहेत, पण त्यांचं एकमेकींशी काय नातं आहे ते दिसत नाही.

कंपोझिशन म्हणजे वस्तू चौकटीत मांडणं, अशी समजूत बहुतेकांची असते. स्टुडिओत टेबलावर फळं ठेवताना ते ठीक आहे. बागेत तुम्ही काहीच हलवू शकत नाही. झाड, बाक, डोंगर जिथे आहेत तिथेच राहणार. हलणार फक्त तुम्ही. त्यामुळे बागेतलं कंपोझिशन जवळजवळ पूर्णपणे एका निर्णयावर अवलंबून असतं: मी कुठे आणि किती उंचीवर उभं राहायचं. तो निर्णय घ्यायचा तर कोणत्या दोन गोष्टींमधलं नातं दाखवायचंय हे आधी ठरलं पाहिजे.

मी शिकवताना एक सोपी सवय लावतो. कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी समोरच्या दृश्याचं एक वाक्य मनात म्हणायचं, आणि त्यात क्रियापद असलंच पाहिजे. ‘सुंदर तलाव’, ‘शांत सकाळ’ चालणार नाही. ‘आजी-आजोबा डोंगराकडे बघतायत’ चालेल. ‘झाडाने बाकाला सावलीत घेतलंय’ चालेल. ‘सगळे पळतायत आणि हे दोघं बसलेत’ हेही चालेल. ही तिन्ही वाक्यं त्या सकाळी, त्याच बाकापाशी खरी होती. पण प्रत्येक वाक्याचा फोटो वेगळ्या जागेवरून निघतो. तुम्ही उभे होतात तिथून तिन्ही थोडी थोडी दिसत होती, म्हणून एकही नीट उतरलं नाही.

पहिलं वाक्य घेऊ. आजी-आजोबा डोंगराकडे बघतायत. म्हणजे ते, पाणी आणि डोंगर एका ओळीत हवेत, तुम्ही बाकाच्या मागे असायला हवं आणि डोंगर मोठा दिसायला हवा. तुम्ही साधारण तीन मीटरवरून १८ वर झूम ठेवून फोटो काढलेला दिसतो. आता मागे सरकत नऊ मीटरवर जा आणि झूम ५५ वर न्या. बाक चौकटीत आधीएवढाच दिसेल, पण डोंगर जवळजवळ तिप्पट होईल. कारण साधं आहे: तुम्ही मागे सरकलात तेव्हा बाकापासूनचं अंतर तिप्पट झालं, डोंगरापासूनच्या अंतरात मात्र काहीच फरक पडला नाही. मग झूमने सगळंच तिप्पट केलं. बाक मूळ आकारावर परत आला, डोंगर मात्र वाढला. डोंगर आणि माणसं यांचं प्रमाण ठरलं ते तुमच्या पायांमुळे, झूमने फक्त कापून मोठं करून दिलं. ही एक गोष्ट अंगवळणी पडली की लेन्सबद्दलचे निम्मे प्रश्न आपोआप मिटतात. लेन्सचं छिद्र (उजेड आत घेणारं भोक) एफ/८ च्या आसपास ठेवा आणि फोकस बाकावर करा. डोंगर किंचित मऊ येईल, तो येऊ द्या. हवेतल्या सकाळच्या धुरकटपणामुळे तसाही तो मऊच दिसतो आणि त्यामुळे लांब वाटतो.

मागे सरकल्यावर अजून एक फायदा होतो. चौकटीत मावणारं पार्श्वभूमीचं क्षेत्र अरुंद होतं, म्हणून जिमचं लोखंड आणि कचऱ्याचा डबा आपोआप बाहेर पडायची शक्यता वाढते. राहिलाच खांब, तर अर्धं पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे. एखाद्याच्या डोक्यातून खांब उगवलेला दिसतो तेव्हा लोक सगळी जागा सोडून दुसरीकडे जातात. बहुतेक वेळा वीतभर सरकल्याने काम होतं, कारण जवळची गोष्ट लांबच्या गोष्टीपेक्षा झपाट्याने सरकते.

आता उंची. याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि तलावाकाठी तीच फोटो घडवते किंवा बिघडवते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सपाट जागेवर कॅमेरा जमिनीपासून जितका उंच, तितक्याच उंचीवर क्षितिजाची रेघ चौकटीतल्या प्रत्येक माणसाला छेदते, मग तो माणूस जवळ असो की लांब. तुम्ही उभं राहून कॅमेरा डोळ्याला लावलात की तो दीड मीटरच्या आसपास असतो. म्हणजे उभ्या असलेल्या मोठ्या माणसांच्या मानेतून किंवा हनुवटीतून रेघ जाणार. तलावाच्या पलीकडचा काठ त्या क्षितिजाच्या थोडा खाली येतो, आणि बाकावर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास असतं. दोन्ही जुळून परिणाम असा होतो की पलीकडच्या काठाची गडद रेघ नेमकी बसलेल्यांच्या केसांना चिकटून जाते. तुमच्या फोटोत तेच झालंय. आजींचा अंबाडा आणि पलीकडची झाडी एक झालीत, त्यामुळे डोकं कुठे संपतं ते कळत नाही.

यातून दोन वाटा निघतात. कॅमेरा डोक्याच्या वर धरा, मागची स्क्रीन खाली वाकवता येत असेल तर उत्तमच. काठाची रेघ वर सरकेल आणि दोघांची डोकी स्वच्छ उजळ पाण्यावर येतील. दोघं वेगळे, सुटे, ठळक दिसतील. नाहीतर गुडघ्यावर बसा. रेघ खाली उतरून बाकाच्या पाठीपाशी येईल आणि डोकी डोंगरात जातील. ‘डोंगराकडे बघतायत’ या वाक्याला मला ही दुसरी वाट जास्त जवळची वाटते, कारण माणसं आणि डोंगर यांच्यात पाण्याचा पट्टा आडवा येत नाही. मात्र मागचा डोंगर गडद असेल तर काळे केस त्यात बुडतील, पिकलेले केस उठून दिसतील. तिथे कोण बसलंय आणि डोंगरावर ऊन आहे की नाही हे पाहूनच ठरवायचं.

उपवनला हे ऊन समजून घ्यायला सोपं आहे. येऊरचा डोंगर तलावाच्या पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य शहराच्या बाजूने येतो आणि डोंगराच्या आपल्याकडच्या उतारावर पडतो. झाडी, घळी, पावसाळ्यानंतरचे हिरवे पोत नीट दिसतात. पण तेव्हा सूर्य तुमच्या पाठीशी असतो, म्हणून हिवाळ्यात सकाळी साडेसात-आठला तुमचीच लांब सावली बाकावर पडत नाही ना, ते बघा. पडत असेल तर एका बाजूला सरका, तिरपा प्रकाश तसाही जास्त चांगला. संध्याकाळी सगळं उलटं होतं. सूर्य डोंगराआड जातो तो पंचांगातल्या सूर्यास्ताच्या बराच आधी, त्यामुळे ‘सोनेरी वेळ’ पकडायला सहाला पोचलात तर ती बऱ्याचदा संपलेली असते. डोंगर गडद एकसंध आकार होतो, पाणी मात्र आभाळ धरून उजळ राहतं. तेव्हा उंचावरून, डोकी पाण्यावर घेऊन काढलेला फोटो चालतो आणि गुडघ्यावरचा चालत नाही.

नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ या बागेत गेलात तर हा हिशोब बदलतो. डोंगराची रांग पूर्वेला, खाडी पश्चिमेला. संध्याकाळचा उजेड शेवटपर्यंत आडवा मिळतो आणि आभाळ मोठं असतं. तिथे क्षितिज उघडं असल्यामुळे मानेतून जाणाऱ्या रेघेचा प्रश्न आणखी तीव्र होतो. जॉगिंग ट्रॅकवरच्या लोकांचे फोटो काढताना थोडं खाली बसलं की माणसं आभाळात उभी राहतात, सरळ उभं राहून काढले की सगळ्यांच्या गळ्यातून एकच रेघ ओवलेली दिसते.

दुसरं वाक्य: झाडाने बाकाला सावलीत घेतलंय. इथे डोंगराचं काही काम नाही, त्याला बाहेर काढा. लेन्सची वाइड बाजू, म्हणजे १८ कडची, इथे उपयोगी. झाड पर्जन्यवृक्ष असावं असं पानांवरून वाटतं. त्याची छत्री आडवी पसरते, म्हणून कॅमेरा उभा न धरता आडवाच ठेवा, खोड एका बाजूला घ्या आणि फांदी बाकावरून पलीकडे जाताना दिसू द्या. फांदी चौकटीच्या कडेला कुठे तुटते ते बघा. ती कोपऱ्यातून बाहेर गेली तर नजरही तिच्याबरोबर निघून जाते. पानांमधून दिसणारे आभाळाचे पांढरे ठिपके हा या फोटोतला खरा शत्रू. त्यातले मोठे ठिपके कडेला आले तर बघणाऱ्याचं लक्ष बाकाकडे राहतच नाही. थोडं पुढे-मागे करून खोडाच्या किंवा जाड फांदीच्या आड ते लपवता येतात.

जमिनीवर कवडसे पडले असतील तर उजेडाला धरून एक्स्पोजर ठेवा, म्हणजे उणे पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). सावली गडद झाली पाहिजे, नाहीतर सावलीचा फोटो कसला? मोबाइलवर काढत असाल तर तो सावल्या स्वतःहून उजळवतो आणि सगळं एकाच पातळीवर आणून ठेवतो. स्क्रीनवर उजेडाच्या जागी बोट दाबून धरा आणि शेजारी येणारी खूण खाली ओढा. आणि थोडं थांबा. कवडसे सरकत असतात. आजींच्या हातावर किंवा आजोबांच्या मांडीवरच्या वर्तमानपत्रावर एखादा आला की तो फोटो आहे.

तिसऱ्या वाक्याला, पळणारे आणि बसलेले, जागेपेक्षा वेळ महत्त्वाची. बाक समोरून किंवा तिरपा घ्या, मधून ट्रॅक जाऊ द्या, चौकट पक्की करा आणि उभे राहा. चालणाऱ्याच्या पायांत अंतर पडलेलं असेल तेव्हाच तो चालतोय असं वाटतं. पाय जुळलेल्या क्षणी तो खांबासारखा दिसतो. येणारा माणूस बसलेल्यांच्या समोर येण्याआधीच्या मोकळ्या जागेत पोचला की बटण दाबा. एकमेकांवर आलेल्या आकृत्या बागेतल्या फोटोंचं सगळ्यात मोठं नुकसान करतात. शटर १/१५ सेकंदावर आणून कॅमेरा कठड्यावर टेकवलात तर पळणारे वाहते दिसतील आणि बसलेले स्थिर. बाक पाण्याकाठी असल्यामुळे समोरून घ्यायला जागा नसेल तर तलावाच्या वळणावरून, बाजूने घ्या. ठाण्यातल्याच कचराळी तलावाला हे फार चांगलं जमतं. तिथला ट्रॅक पाण्याला वळसा घालतो, त्यामुळे वळणावर उभं राहिलं की चालणारे एका बाजूने येऊन तुमच्यापासून दूर वळताना दिसतात.

आता तृतीयांशाच्या नियमाबद्दल, कारण तुमचा सगळा भर त्यावर होता. हे नाव आणि नियम १७९७ मध्ये जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने निसर्गचित्रांच्या संदर्भात मांडला. त्याचा मुद्दा प्रमाणाचा होता: जमीन आणि आभाळ, उजेड आणि अंधार यांचे दोन सारखे तुकडे करू नका, एकाला दोन भाग द्या, दुसऱ्याला एक. म्हणजे दोघांत कोण मोठा हे ठरवा. छेदबिंदूवर वस्तू ठेवली की फोटो होतो, हे मागाहून चिकटलेलं. मूळ मुद्दा मला आजही मोलाचा वाटतो. तुमच्या फोटोत बाक छेदबिंदूवर आहे, पण आभाळ, पाणी आणि जमीन यांना सारखीच जागा मिळालीय, म्हणजे कोणालाच महत्त्व मिळालेलं नाही. त्या दिवशीचं आभाळ पांढरं, रिकामं होतं. त्याला एवढी जागा देण्याचं कारण नव्हतं. डोंगराचा माथा चौकटीच्या वरच्या कडेने कापला गेला असता तरी चाललं असतं. उलट तो आणखी मोठा वाटला असता.

बागेची एक वेगळीच अडचण आहे ती हिरव्याची. गवत हिरवं, झाड हिरवं, डोंगर हिरवा, आपल्याकडे बऱ्याचदा बाकही हिरव्या रंगाचा. डोळ्यांना खोली दिसते कारण आपले दोन डोळे आहेत आणि आपण चालत असतो. फोटोत ती खोली बरीचशी उजेड-अंधाराच्या फरकातून मिळते. म्हणून डोळे बारीक करून दृश्याकडे बघा, बारकावे पुसले जाऊन तीन-चार मोठे ठोकळे उरतील. बाकाचा ठोकळा मागच्या ठोकळ्यापासून वेगळा दिसत नसेल तर फोटोतही दिसणार नाही. कॅमेऱ्यात रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) निवडून पिक्चर स्टाइल मोनोक्रोम ठेवलीत तर स्क्रीनवर काळं-पांढरं दिसतं आणि रॉ फाइलमध्ये रंग शाबूत राहतात. शिकायच्या काळात यासारखी सोय नाही.

आणि रंग हवाच असेल तर त्याचं ऐकून घ्या. एप्रिल-मेमध्ये बहावा किंवा गुलमोहर फुललेला असताना तो चौकटीत कुठेही असला तरी पहिलं लक्ष तोच घेणार. मग वाक्य त्याच्याभोवती बांधा, नाहीतर त्याला पूर्ण बाहेर ठेवा. कोपऱ्यात अर्धवट आलेला गुलमोहर आणि मध्ये आजी-आजोबा, हा फोटो कधीच जमत नाही. ओपन जिमच्या पिवळ्या रंगाचंही तेच. मे महिन्याच्या मध्यावर दुपारी सूर्य ठाण्यात अगदी डोक्यावर येतो, सावल्या पायाखाली जातात, तेव्हा दहानंतर झाडाखालचेच विषय निवडावेत.

पावसाळ्यात आभाळ पांढरं असतं, म्हणून ते जवळजवळ पूर्ण काढूनच टाकावं. ओल्या पानांवर पांढुरकी चकाकी येते, ती पोलरायझरने (लेन्ससमोर लावायच्या, चकाकी कापणाऱ्या फिल्टरने) जाते आणि हिरवा रंग खोल होतो. त्यात दीड-दोन स्टॉप उजेड कमी होतो, म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढवायची तयारी ठेवा.

मागच्या टॉवरबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या फोटोत ते कापून टाकलेत म्हणून लिहितो. ठाण्यातल्या बागेतून टॉवर दिसणारच. ते टाळलेच पाहिजेत असं मी मानत नाही. तलावपाळीला एका बाजूला कौपिनेश्वराचं मंदिर, दुसरीकडे गडकरी रंगायतन, सभोवार दुकानं आणि इमारती, मध्ये पाणी आणि होड्या. तिथे इमारती काढल्या तर ते ठाणं राहत नाही. तिथलं वाक्यच मुळी ‘शहर तलावाभोवती दाटलंय’ असं आहे. टॉवर घ्यायचा असेल तर त्याला पुरेशी जागा द्या, उभ्या रेषा सरळ राहतील असा कॅमेरा समतल धरा. घ्यायचा नसेल तर पूर्ण काढा. झाडामागून अर्धा डोकावणारा टॉवर चुकून राहिलाय असंच वाटतं.

माणसांबद्दल एक सांगणं आवश्यक आहे. पाठमोरे, लांबून, ओळखू न येणारे लोक ठीक. चेहरा दिसत असेल तर फोटो काढल्यावर जाऊन दाखवा आणि ठेवू का विचारा. बाकावरचे आजी-आजोबा बहुतेक वेळा आनंदाने हो म्हणतात, त्यांना तो पाठवूनही द्या. लहान मुलांचा फोटो पालकांना आधी विचारल्याशिवाय काढूच नका. ट्रायपॉड लावला की बागेतले सुरक्षारक्षक हटकतात, तेव्हा वाद न घालता उद्यानाच्या कार्यालयात परवानगीचं विचारा.

लेन्सचं आता. अल्ट्रा-वाइड (१८ पेक्षाही रुंद दृश्य घेणारी लेन्स) घेऊ नका. तुमचा डोंगर आधीच लहान झालाय, तिने आणखी लहान होईल आणि बागेतली सगळी अडगळ आत येईल. आत्ताची १८-५५ ठेवा. त्यावर १८, ३५ आणि ५५ एवढ्याच खुणा वापरायच्या असं ठरवा, म्हणजे मधलं अंतर पायांनी भरून काढावं लागेल. सगळे चांगले फोटो ५५ वर आणि तरीही डोंगर कमी पडतोय असं दिसलं, तर ५५-२५० सारखी साधी टेलिझूम (लांबचं जवळ आणणारी झूम) घ्या. वापरलेली चांगल्या स्थितीतली मिळते, येऊरकडे तोंड करून काम करणाऱ्याला ती खरोखर उपयोगी पडते. पुढच्या वेळी त्याच बाकाचे तीन फोटो पाठवा, तीन वाक्यांचे, आणि प्रत्येकाबरोबर तुम्ही कुठून आणि किती उंचीवरून काढला ते लिहा.